स्टँडच्या मागचं गाव

बाबांना कुठल्याही गावाचं नाव सांगा, ते किलोमीटर सांगत नाहीत, टप्पे सांगतात. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा. "रामटेक? नऊ टप्पे. उमरेड? आठ." चौतीस वर्षं गळ्यात चामड्याची पिशवी आणि हातात तिकिटांचा ट्रे घेऊन त्यांनी नागपूरच्या चारी दिशांना कंडक्टरी केली. तिकिटाचं मशीन यायच्या आधीच ते निवृत्त झाले. आता ७६ वर्षांचे आहेत.

विषय निघाला आईमुळे. दिवाळीत फराळ खाताखाता तिनं सहज विचारलं, "इतके वर्षं रामटेक-रामटेक केलं, गडावर किती वेळा गेले हो?" बाबांनी आठवून पाहिलं. एकदा लग्नानंतर, एकदा मी पोटात असताना. बाकी हजारेक फेऱ्यांमध्ये फक्त स्टँड. गाडी पोचली की वीस मिनिटं. त्यात कंट्रोलरकडे नोंद, मुतारी, चहा, आणि पुन्हा "चला नागपूर, नागपूर". पवनी, उमरेड, हिंगणघाट, सावनेर, सगळ्या गावांचं तेच. स्टँडच्या मागे गाव असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

मुलांचं तर त्याहून कमी. त्यांना ही गावं हिरव्या पाटीवरच्या बाणापुरती माहीत. आम्ही पुण्याला जातो, पचमढीला जातो. मनसर, उमरेड नुसती मागे टाकतो.

नाताळच्या सुट्टीत चार दिवस काढायचे ठरले. दिराची सात सीटांची गाडी मागून आणली. रात्री झोपायला घरी यायचं, आणि कुठल्याही गावात शिरलं की आधी एसटी स्टँड गाठायचं, कारण बाबांना पुढचा रस्ता तिथूनच सुचतो. आईची एक अट होती, रोज एक गणपती. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी तिचा फक्त नागपूरच्या टेकडीचा झाला होता. नकाशा पाहिला तर आमच्या चारही वाटांवर एकेक होताच: रामटेक, पवनी, आदासा, केळझर. ती म्हणाली, हा योगायोग नाही. नवरा म्हणाला, पेट्रोल वाचलं.

दिवस पहिला : मनसर, रामटेक, नगरधन

बाबा पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि डॅशबोर्डवर दोनदा टकटक केली. डबल बेल. नवऱ्याला आधी कळलंच नाही. "अरे, चल ना!" एक टकटक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे त्याला कन्हानच्या पुलापर्यंत पाठ झालं.

टोलनाक्यावर बाबा अस्वस्थ. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. "मी लोकाईकडून पैशे घेऊन त्याईले गावात सोडत होतो. हे पैशे घेऊन गावाच्या बाहेरून काढून देतात."

मनसरला आम्ही रामटेकचा फाटा ओळखतो आणि वळतो. यावेळी वळायच्या आधी थांबलो. इथल्या टेकडीवर उत्खननात, विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या काळातल्या विटांची प्रचंड बांधकामं निघाली आहेत. प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. आजूबाजूला मँगनीजच्या खाणी. थोरला आठवीत आहे, तो पायऱ्यापायऱ्यांच्या विटा पाहून म्हणाला की ही इमारत अर्धवट डिलीट झाल्यासारखी दिसते. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता. अर्ध्या तासात आम्हाला फक्त एक मेंढपाळ भेटला.

रामटेकला स्टँडवर आलूबोंडा-तर्री झाली. पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही, पण आलूबोंडा तर्रीत बुडवूनच खायचा असतो; कोरडा खाल्ला तर तो नुसता बटाटेवडा. गावातल्या अष्टादशभुज गणपतीला आईनं पहिला नमस्कार घातला आणि आम्ही गडाकडे निघालो.

गाडी वरपर्यंत जाते. बाबा म्हणाले, पायऱ्यांनी जाऊ. अंबाळा तलावाच्या बाजूनं चढायला लागलो आणि पन्नासाव्या पायरीपासून त्यांची टकटक सुरू झाली: एक, थांब. दोन, चल. बाबा आणि धाकटी दोघंही पायऱ्या मोजत होते, वर पोचल्यावर आकडे जुळले नाहीत, भांडण झालं. त्यांचा मुद्दा एकच, "चौतीस वर्षात माझा हिशेब एकदाबी चुकला नाही."

वर वराहाची ती भलीमोठी दगडी मूर्ती आहे, तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघायचं. पापी माणूस अडकतो म्हणतात. नवरा अडकला. पाप नव्हे, पोट, असं तो अजून सांगतो. शेजारची नरसिंहाची दोन देवळं मात्र मी आजवर नीट पाहिलीच नव्हती. पाचव्या शतकातली, वाकाटकांची, लाल दगडातली, ठेंगणी. लोक पुढच्या तटबंदीचे, रामाच्या देवळाचे फोटो काढत होते, आणि ती तटबंदी भोसल्यांच्या काळातली, म्हणजे या नरसिंहांपुढे कालची. माकडांनी आमची केळी तिथंच नेली.

परतताना नगरधनला वळलो. चौकोनी किल्ला, भोवती शेतं, आत तळघरासारख्या जागी देवी. वाकाटकांची नंदिवर्धन नगरी ती हीच असं मानतात. अलीकडच्या उत्खननात इथं प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवरा लवकर गेल्यावर लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. धाकटीला राणीपेक्षा मुद्रेत रस. "म्हणजे स्टॅम्प?" बाबा म्हणाले, "पंच. तो मारल्याशिवाय कागदाले किंमत नाही." अंधार पडेपर्यंत मुलं तटावरून पळत होती. त्या वेळी किल्ल्यात आम्ही सहाच माणसं होतो.

दिवस दुसरा : उमरेड, भिवापूर, पवनी

उमरेडला कोळशाचे डंपर, धूळ आणि स्टँडवर एक कप चहा. पुढे गेलो.

भिवापूरच्या अलीकडे गाडीतल्या सगळ्यांना एकदम शिंका सुरू झाल्या. काचा बंद असून. बाबा हसायला लागले. "आलं भिवापूर. इथं पाटी वाचाची गरज नाही. आख्खी गाडी खोकलली का समजाचं." सातऱ्यावर मिरची पसरलेली होती. सातरा म्हणजे मिरची वाळवून, निवडून, देठ खुडायची मोकळी जागा. पन्नासेक बाया रांगेनं बसलेल्या, तोंडाला पदर आणि वर रुमाल बांधलेला, हात थांबत नव्हते. मजुरी किलोवर. मी पाच मिनिटं जवळ उभी राहिले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. त्यातली एक म्हणाली, "नव्या मान्साले होते बाई. आमचे डोळे शिकले." घरी गेल्यावर हात कशानं धुता, विचारलं. तेल लावतो, मग राख. आग तरी जात नाहीच, लेकराला रात्री जवळ घ्यायच्या आधी विचार करावा लागतो, असं दुसरी म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. मला हसता आलं नाही.

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. बुटकी, जाडसर, रंगाला गर्द. पण सातऱ्यावरची सगळी मिरची ती नव्हती. बरीचशी लांबट संकरित जातींची. मालकच म्हणाला की गावरान वाण लावणारे कमी झाले, उत्पन्न कमी पडतं. खास भिवापुरी दोन किलो त्यानं आतून आणून दिली. गाडीत ठेवली ती चूक. पुढचे दोन दिवस गाडी खोकत होती.

मग मोबाईलवरच्या नकाशानं आम्हाला जवळचा रस्ता म्हणून एका कालव्याच्या काठावर नेऊन सोडलं. वळायला जागा नाही, समोर बैलगाडी. बाबा खाली उतरले, मागे गेले आणि गाडीच्या पाठीवर थाप मारत "येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बास" करत दोनेकशे मीटर उलटी काढून दिली. नवऱ्याच्या कपाळावर डिसेंबरात घाम. बाबा इतके खुश मी निरोपसमारंभातही पाहिले नव्हते.

पवनीत शिरताना रस्ता मातीच्या उंच तटाला भेदून जातो. त्याला लागून खंदक. तीन बाजूंनी तट-खंदक आणि पूर्वेला वैनगंगा, असं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी वसलं आणि अजून त्याच जागी बाजार करतंय. १९६९-७० मध्ये इथं नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीवर, जिथं देऊळ आहे, तिथंच स्तूप निघाला. कोरलेले खांब, त्यांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग. यातला एक अवशेष आम्ही ओळखत होतो आणि ओळखत नव्हतोही: महाक्षत्रप रुपिअम्माचा स्तंभ इथलाच, तो नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयात आहे. लहानपणापासून पाच वेळा तरी त्याच्या शेजारून मी भुसा भरलेला वाघ पाहायला गेले असेन.

गणपती इथं विचित्र सुंदर आहे. एकाच दगडातून पाच बाजूंना पाहणारा, सर्वतोभद्र. आई प्रदक्षिणा घालताना गोंधळली, नमस्कार नेमका कुठल्या तोंडाला करायचा. तिथल्या आजींनी तोडगा दिला: "जे दिसन त्याले करा."

बाबांची पवनी मात्र वेगळी. त्यांची मुक्कामी गाडी इथं यायची. रात्री शेवटची पोचायची, सकाळी साडेपाचला पहिली निघायची. टपावर किंवा सीटवर झोप, नळावर आंघोळ. म्हणजे शेकडो रात्री या गावात झोपलेला माणूस, आणि स्टँडपासून चालत जाण्याजोगा घाट त्यानं पाहिला नव्हता. पहाटे अंधार, रात्री अंधार. आम्ही वैजेश्वराच्या घाटावर उतरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. पाणी रुंद आणि जवळजवळ न हलणारं. बाबा पायरीवर बसले. बराच वेळ टकटक नाही, काही नाही.

मग म्हणाले, "साडेपाचच्या गाडीले एक बाई याची, मासोळीची टोपली घेऊन. मी लगेज मागो, ते म्हने टोपली माही मांडीवर हाये. रोज भांडण." थोड्या वेळानं घाटावर खरंच एक ढिवरीण झिंगे विकताना दिसली. बाबा तरातरा तिच्याकडे गेले. मला वाटलं झिंगे घेतात, आणि आई गणपतीच्या दिवशी गाडीत घेऊ देणार नाही. पण त्यांनी विचारलं, "टोपलीचं लगेज किती घेतात आता गाडीत?" ती म्हणाली, "कायचं लगेज? बायाईले अर्धं तिकीट हाये आता, टोपलीले काऊन लागन?" बाबा निरुत्तर.

दिवस तिसरा : आदासा, धापेवाडा

हा दिवस फसला. कळमेश्वरच्या पुढे पंक्चर, मग स्टेपनीत हवा नाही, मग पंक्चरवाला जेवायला गेलेला. दोन तास संत्र्याच्या बागेच्या कडेला गेले. एका परीनं बरंच झालं. नागपुरी संत्री म्हणतात ती नागपुरात पिकत नाहीत, ती इथं आणि काटोल-नरखेडकडे पिकतात, हे मुलांना झाडाखाली बसून कळलं. बागवाल्यानं हिशेब न करता पिशवी भरून दिली आणि व्यापारी बाग उभीच्या उभी कशी विकत घेतो, मग गारपीट झाली तर नुकसान कुणाचं, हे इतकं सविस्तर समजावलं की नवऱ्याला त्याचा ऑफिसचा करारनामा आठवला.

आदाशाचा गणपती शेंदरी आणि अवाढव्य, माणसाच्या दुप्पट उंच. धापेवाड्याला चंद्रभागा नावाचीच नदी आणि काठावर विठ्ठल. आषाढीनंतर पांडुरंग पंढरपूर सोडून इथं येतो, अशी विदर्भाची श्रद्धा. बाबांना जत्रेतल्या जादा गाड्याच आठवल्या. टपावर माणसं, आत माणसं, दारात माणसं, "आन् मंधात मी, हात वर करून, ट्रे डोक्यावर". सावनेर राहिलंच. काळोख पडला, धाकटी झोपली.

दिवस चौथा : झिरो माईल, केळझर, पवनार, हिंगणघाट

निघताना थोरल्यानं गाडी सीताबर्डीला वळवायला लावली. चार घोडे आणि तो झिरो माईलचा खांब. आम्ही नागपूरकर त्याला सिग्नलवरून पाहतो, जवळ जात नाही. खांबाजवळच्या दगडावर हैदराबाद, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, जबलपूर अशी नावं आणि मैल कोरलेले. बाबांनी सगळं वाचलं. "रामटेक नाही. उमरेड नाही. म्हंजे एक्सप्रेस गाडी हाये, जलद. मधी थांबे नाही."

थोरल्याचा बेत वेगळा होता. शाळेच्या प्रकल्पासाठी त्यानं वाचलं होतं की भारताची मोजणी करणारा विल्यम लॅम्टन हिंगणघाटला मेला आणि तिथंच पुरला आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं सुरुवात केली, अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, देवळांच्या गोपुरांवर, टेकड्यांवर चढवत वीस वर्षं तो त्रिकोण मोजत उत्तरेला सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला येताना २० जानेवारी १८२३ रोजी वाटेत गेला. त्याच्या जागी जो आला त्या एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. लॅम्टनला हिंगणघाट मिळालं.

केळझर घाईत झालं. टेकडीवर गणपती, खाली जुन्या किल्ल्याच्या खुणा. पांडवांची एकचक्रानगरी ती हीच, बकासुर इथलाच, असं गावात सांगतात. आईचे चार पूर्ण झाले. उरलेले तीन तिनं लगेच बोलून ठेवले.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. जमीन खणताना विनोबांना इथं मूर्ती सापडल्या; त्यांतलं भरत-राम भेटीचं शिल्प आश्रमात लावलं आहे. शेती आणि सूतकताई अजून चालू आहे, कोणी काही विकायला येत नाही, कोणी माहिती सांगायलाही येत नाही. धाकटीसुद्धा कुजबुजत बोलत होती. १९५१ साली विनोबा इथून तेलंगणात पायी गेले, तिथं भूदान सुरू झालं, मग तेरा वर्षं देशभर पायीच. बाबा बाहेर आल्यावर चपला घालता घालता म्हणाले, "मोठा मानूस. पण एसटीचं गिऱ्हाईक नाही." वर्ध्यात गोरसपाकाचे चार पुडे घेतले. दोन हिंगणघाटपर्यंत टिकले.

हिंगणघाटात शिरलो तर कापसाच्या गाड्यांची रांग, जिनिंगच्या दारापासून रस्त्यापर्यंत. ट्रॅक्टरवर पांढरे डोंगर, रस्त्याच्या बाभळींना पुंजके लटकलेले. एकोणिसाव्या शतकात इथल्या कापसाचं नाव इंग्लंडच्या बाजारात होतं, इतका त्याचा धागा चांगला. चार वाजून गेले होते.

नेहमीप्रमाणे स्टँडवर गेलो. बाबांनी चौकशीच्या खिडकीत तोंड घातलं. "इथं एका इंग्रजाची कबर हाये म्हनते, मोजणीवाल्याची?" आतला तरुण म्हणाला, "मोजणीचं ऑफिस तहसीलमधी आहे काका, आज सुट्टी." पानवाल्यानं एक दिशा दाखवली, तिथं गेल्यावर एका गुरुजींनी नेमकी उलटी. एका म्हाताऱ्यानं, गोऱ्या साहेबाची समाधी ना, हो, आहे, असं अगदी ठामपणे सांगितलं आणि वणा नदीच्या बाजूला पाठवलं. तिथं बांधकाम चालू होतं. सहा वाजता अंधार झाला. थोरल्याचा चेहरा उतरला. त्याला फोटो हवा होता.

बाबा त्याच्या शेजारी मागच्या सीटवर येऊन बसले. "कुठून आला होता तो?"

"हैदराबादहून."

"आन् जाचं कुठी होतं?"

"नागपूरला."

"म्हंजे तिकीट नागपूरचं काढलं आन् हिंगनघाटलेच उतरला. अजून तेरा टप्पे बाकी होते." मग जरा थांबून, "वीस वर्षं पायी मोजत आला बिचारा. मले तर गाडी होती."

जामच्या चौकात उसाचा रस, बुटीबोरीला ट्रॅफिक, साडेआठला घर.

आणि एक मंगळवार

सुट्टी संपली, गाडी दिराकडे गेली. पुढच्या मंगळवारी सकाळी आईचा फोन: तुझे बाबा स्वेटर घालून कुठं गेलेत, सांगून गेले नाहीत. दुपारपर्यंत फोन बंद. संध्याकाळी सात वाजता ते आमच्याच दारात उभे, पायाला धूळ, हातात संत्र्याची पिशवी. गणेशपेठहून लाल डब्यानं हिंगणघाटला जाऊन आले होते. एकटे.

थोरला अभ्यास टाकून धावत आला. "सापडली का, आबा?"

"सापडली. उद्या सांगतो सगळं. आधी हे पाय."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर हातानं सपाट केला. मशीनमधून निघालेलं पातळ तिकीट. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट असते, पण तिकीट द्यावंच लागतं. नागपूर ते हिंगणघाट, रक्कम शून्य.

"चौतीस वर्षात असं तिकीट म्या कोणाले फाडून देलं नाही," बाबा म्हणाले, आणि तिकीट पुन्हा घडी करून खिशात ठेवलं.